काळजी करतो ना तो!

हार्बर लाईनच्या लेडीज डब्यात काय काय वाचलं जातं, याचा कुणी सर्व्हे केला तर धमाल येईल. अथर्वशीर्ष, बँकेच्या परीक्षांची गाइड्स, मोबाईलवरच्या रेसिपीज... आणि बऱ्याच जणींच्या हातात चक्क मर्डर! अगदी खून नसला तरी त्याच गल्लीतलं काहीतरी. बायकोला वेडी ठरवणारा नवरा, नवऱ्याला जन्माची अद्दल घडवणारी बायको, मैत्रिणीच्या संसारात हळूहळू शिरून तिचीच जागा घेणारी मैत्रीण. सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणा, डार्क फिक्शन म्हणा. प्रश्न असा की, दिवसभर बॉस, टार्गेट आणि एक्सेल शीट झेलून दमलेल्या मुली घरी जाताना रिलॅक्स व्हायला हे असलं वाचतात?

हो, वाचतात. मीही वाचते.

मी राहते बेलपाड्यात. तालुका पनवेल, स्टेशन खारघर. १७ नोव्हेंबर २०२३ ला नवी मुंबईची मेट्रो सुरू झाली, तिच्या अकरा स्टेशनांत एक नाव बेलपाडा लागलं आणि आमचं गाव एकदम पाटीवर आलं. तोवर कुणी पत्ता विचारला की 'खारघर स्टेशनला उतर, मग फोन कर' हाच पत्ता. इथे मूळ गावातली घरं आहेत आणि त्यांना खेटून आमच्यासारख्या भाडेकरूंसाठी उठलेले मजले. आम्ही तिघी जणी एका वन बीएचकेत. ऑफिस फोर्टला. रोज जायला तासाभराहून जास्त, यायला तेवढाच. चौथी सीट मिळाली तरी नशीब समजायचं आणि अर्ध्या बुडावर बसून पुस्तक उघडायचं. मानखुर्द गेलं, खाडीचा पूल आला की मी पार दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात असते. आणि त्या घरात काहीतरी भयंकर चाललेलं असतं.

'माझा नवरा असा नाही बाबा!'

माझी सुरुवात झाली ती सगळ्यांची होते तिथूनच. गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' (२०१२). मग पॉला हॉकिन्सची 'द गर्ल ऑन द ट्रेन' (२०१५). हिची नायिका रेचल रोज लोकलने जाते-येते आणि खिडकीतून दिसणाऱ्या एका घरातल्या जोडप्याचं आयुष्य मनातल्या मनात रंगवत बसते. हार्बर लाईनवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रेचल पिते, तिला मधलं मधलं आठवत नाही. जे आठवत नाही ते तिला दुसऱ्या कुणीतरी 'सांगितलेलं' असतं. शेवट सांगत नाही, पण पुस्तक मिटल्यावर आपल्यालाच कुणी काय काय सांगून ठेवलंय याची मनात उजळणी सुरू होते.

या सगळ्याची आजी म्हणजे डाफ्ने द्यू मॉरिएची 'रेबेका'. साल १९३८. कथा सांगणारी मुलगी लग्न होऊन नवऱ्याच्या प्रचंड घरात येते, आणि त्या घरावर सत्ता चालते नवऱ्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोची. म्हणजे तिच्या नावाने घर ताब्यात ठेवणाऱ्या मिसेस डॅनव्हर्सची. पूर्ण कादंबरीभर या नव्या बायकोचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही! आपल्याकडे १९६४ मध्ये यावरून 'कोहरा' आला. वहिदा रहमानचा. आईबाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

त्याच १९३८ मध्ये लंडनमध्ये पॅट्रिक हॅमिल्टनचं 'गॅस लाइट' हे नाटक आलं. नवरा गुपचूप वरच्या मजल्यावर जाऊन दिवे लावतो, त्यामुळे खालच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो. बायको म्हणते, दिवा मंद झाला. तिला पटवलं जातं की असं काही झालेलंच नाही, तुझं डोकं फिरलंय. १९४४ च्या सिनेमात इन्ग्रिड बर्गमनने ही बायको केली आणि ऑस्कर घेतलं. आज आपण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सहज 'ही इज गॅसलायटिंग यू' म्हणून टाकतो, तो शब्द इथून आला. २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं.

ही पुस्तकं सॉलिड आहेत, वाद नाही. पण त्यांची एक सोय असते. शेवटी कुणीतरी राक्षस निघतो. ट्विस्ट येतो, मुखवटा गळतो, आणि आपण पुस्तक बॅगेत टाकून नि:श्वास सोडतो : माझा बॉयफ्रेंड असा नाही. माझी आई अशी नाही. आपलं बरं आहे!

पॉवर बँक ठेवत जा ना

माझी एक रूममेट आहे. नाव नको. वाशीला नोकरी, गेल्या वर्षी साखरपुडा झाला. मुलगा पुण्याचा, चांगल्या कंपनीत, बोलायला गोड, आमच्यासाठीसुद्धा बाकरवडी घेऊन येणारा. त्याची एकच अट होती. अट कसली, प्रेमाने सांगितलं होतं : लोकेशन ऑन ठेव. मुंबईचं काही खरं नाही, मला टेन्शन येतं.

ठेवलं. मग ट्रेनमध्ये नेटवर्क गेलं की फोन. बॅटरी संपली की, 'पॉवर बँक ठेवत जा ना बाळा.' वाशीहून खारघरला यायला जेवढा वेळ लागतो त्याहून वीस मिनिटं जास्त लागली की, 'कुठे थांबली होतीस?' पाणीपुरी खायला. 'कोणाबरोबर?' मैत्रिणीबरोबर. 'फोटो पाठव ना, मजा चाललीय तुमची!' आवाज चढलेला नाही, एक वाईट शब्द नाही. आम्ही दोघी काही बोललो की ती हसायची. 'अगं, काळजी करतो ना तो!'

आता यात राक्षस शोधून दाखवा. सापडत नाही. म्हणूनच तिला 'गॉन गर्ल' देऊन काही उपयोग नव्हता. तसा तो मी कुठलंच पुस्तक उपदेश म्हणून दिलं नाही. तिला एका रविवारी मराठी काहीतरी वाचायचं होतं, आणि माझ्या शेल्फवर होती 'रीटा वेलिणकर'.

साळवी वाईट आहे का गं?

शांता गोखले यांची ही कादंबरी १९९० मध्ये आली. पुढे त्यांनी स्वतःच ती इंग्रजीत नेली. २००९ मध्ये त्यांची मुलगी रेणुका शहाणे हिने त्यावर 'रीटा' सिनेमा काढला. पल्लवी जोशी रीटा आणि जॅकी श्रॉफ साळवी. सिनेमा पाहिला असेल तरी पुस्तक वाचा.

रीटा आपल्यातलीच. ऑफिसात काम करणारी, घरातली थोरली मुलगी, पाठी लहान बहिणी. कोवळ्या वयात कमावण्याची जबाबदारी अंगावर पडली आणि ती कधी उतरलीच नाही. साळवी तिचा बॉस, लग्न झालेला. त्यांचं नातं वर्षानुवर्षं चाललेलं, त्याच्या सोयीने, त्याच्या वेळेने. आपल्याला रीटा भेटते तेव्हा ती कोसळून हॉस्पिटलमध्ये आहे. मग मागचं एकेक उलगडत जातं. खून नाही, ट्विस्ट नाही. कुणी तिला कोंडलं नाही की मारलं नाही. घराने तिच्यावर विसंबून राहणं आणि साळवीने तिला गृहीत धरणं, एवढ्या दोनच गोष्टी वर्षानुवर्षं साचत जातात.

माझी रूममेट वाशीच्या ट्रेनमध्ये वाचायची. मध्येच आठवडाभर पुस्तक उशाशी नुसतं पडून होतं, मग पुन्हा उचललं. एका रात्री दिवा बंद केल्यावर अंधारातून तिचा प्रश्न आला.

'हा साळवी वाईट आहे का गं?'

मी म्हटलं, 'तुला काय वाटतं?'

'वाईट असं काही वाटत नाही. त्याला ती आवडते.' बराच वेळ गप्प. मग, 'मग रीटाचं असं का झालं?'

झोप आली असं सांगून मी कूस बदलली. खरं तर मला उत्तर द्यायचं नव्हतं. तो प्रश्न तिचा होता, तिच्याकडेच राहायला हवा होता.

पगाराची सवय झालेलं घर

या प्रश्नाच्या मागे मराठीत चांगलीच लांब वाट आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह आला आणि खळबळ उडाली. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. अशी कुणी बाई लोकांना माहीतच नव्हती. ते टोपणनाव होतं बाळूताई खरे यांचं, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांच्या कथांमधल्या मुली शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या. घराला मुलीच्या पगाराची सवय होते आणि तिचं लग्न 'पाहू, यंदा नको, पुढच्या वर्षी' असं लांबत जातं. तिच्यावर कुणाचा राग नसतो. उलट कौतुकच असतं, 'आमची मुलगी म्हणजे मुलगाच!'

'कळ्यांचे निःश्वास' आणि 'रीटा वेलिणकर' यांच्यात सत्तावन्न वर्षं गेली. मध्ये देश स्वतंत्र झाला, बायका बँकांत आणि मंत्रालयात भरल्या, आणि थोरली मुलगी मात्र तिथेच उभी! आजही आमच्या ट्रेनमधल्या किती जणींच्या पगारातून भावाची फी आणि घराचा हप्ता परस्पर कापला जातो, विचारा. नाही म्हणायची त्यांची इच्छाही नसते. पण कुणी कधी विचारलेलंही नसतं, हा मुद्दा आहे.

आणि मेघना पेठेंची 'नातिचरामि' (२००५)? ती तर नावापासूनच बोचते. लग्नात नवऱ्याकडून वदवून घेतलं जाणारं ते वचन, तुला ओलांडून जाणार नाही असं सांगणारं. ते किती जणांनी अर्थ समजून उच्चारलं असेल? हातात मोबाईल धरलेल्या फोटोग्राफरने मात्र 'भाऊ, परत एकदा' म्हणून दोनदा वदवून घेतलेलं असतं.

मला स्वतःला बाहेरच्या थ्रिलरपेक्षा ही पुस्तकं जास्त डार्क वाटतात ती यासाठीच. इथे ताबा घेणारा माणूस ताबा घ्यायच्या उद्देशाने येत नाही. तो माया, कर्तव्य, काळजी, घराण्याची अब्रू असं काहीतरी चांगलं पांघरून येतो, आणि बहुतेक वेळा त्यालाही ते खरंच वाटत असतं.

आणि आपण बायका?

माझ्या ऑफिसमधला एक मित्र हे सगळं ऐकून म्हणाला, 'म्हणजे पुन्हा पुरुषच व्हिलन का? माझ्या बायकोला माझ्या फोनचा पासवर्ड माहीत आहे, तिचा मला माहीत नाही!' टेबलावर सगळे हसले. पण त्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं.

एल्फ्रिड येलिनेकची 'द पियानो टीचर' (१९८३) वाचताना मी दोनदा पुस्तक बंद करून खिडकीबाहेर पाहत बसले. एरिका व्हिएन्नामध्ये पियानो शिकवते, वय तिशीच्या पलीकडे, आणि अजून आईबरोबर एकाच पलंगावर झोपते. सुरुवातीलाच ती घरी उशिरा येते. आई जाब विचारते, बॅग तपासते, तिला नवा ड्रेस सापडतो आणि दोघींची जुंपते. आईचं म्हणणं साधं असतं, पैसे घरासाठी साठवायचे होते. त्या घरात वाढलेली एरिका पुढे प्रेमात पडते तेव्हा तिला प्रेम म्हणजे हुकूम आणि शिक्षा याखेरीज दुसरी भाषाच येत नाही. येलिनेकला २००४ चं नोबेल मिळालं. पुस्तक जड आहे, अंगावर येणारं आहे. जेवताना वाचू नका.

आणि इतकं लांब जायला नको असेल तर रवींद्रनाथांची 'चोखेर बाली' आहे, १९०३ ची. ऐश्वर्या रायच्या २००३ मधल्या सिनेमामुळे आपल्याला बिनोदिनी आठवते, तरुण विधवा, दुसरीच्या संसाराकडे खेचली जाणारी. पण मुलाच्या लग्नानंतर सुनेमुळे अस्वस्थ झालेली राजलक्ष्मी, ही आई विसरू नका. ती तर आपल्या प्रत्येक सिरियलमध्ये आहे. फक्त टागोरांनी तिला भडक मेकअप केला नाही.

थोडक्यात काय, तर काबूत ठेवायची हौस ही काही एकट्या पुरुषांची मिरास नाही. 'लास्ट सीन' पाहून रात्री दोन वाजता भांडण उकरून काढणाऱ्या मैत्रिणी आपल्यातल्याच असतात.

दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न

मग काळजी आणि ताबा यांतला फरक ओळखायचा कसा? माझी आईसुद्धा रोज रात्री 'पोहोचलीस का?' विचारते. तो काय जाच आहे?

एवढ्या कादंबऱ्या वाचून मला सापडलेलं उत्तर अगदी साधं आहे. काळजी उत्तर मिळाल्यावर थांबते. आईला 'पोहोचले' एवढा एक शब्द पाठवला की ती टीव्ही बंद करून झोपते. ताब्याला उत्तर पुरत नाही. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो, दुसऱ्यातून तिसरा. कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस, फोटो पाठव. एरिकाच्या आईला उत्तर नकोच असतं, बॅगच हवी असते.

याचं सगळ्यात टोकाचं रूप मला हान कांगच्या 'द व्हेजिटेरियन'मध्ये दिसलं. मूळ कोरियन पुस्तक २००७ चं, लेखिकेला २०२४ चं नोबेल. एक साधी गृहिणी एक दिवस ठरवते, मांस खायचं नाही. बस्स, एवढंच. नवऱ्याला अपमान वाटतो. सगळं कुटुंब जेवायला जमतं तेव्हा बाप तिला मारतो आणि जबरदस्तीने तोंडात मांस कोंबतो. तब्येतीची काळजी म्हणून! कादंबरीचे तीन भाग, एक नवऱ्याच्या तोंडून, एक मेहुण्याच्या नजरेतून, एक बहिणीच्या. तिची बाजू सांगणारा भागच नाही. 'नाही' म्हणणाऱ्या बाईला ऐकायला कुणी तयार नसलं की काय होतं, ते लेखिकेने पुस्तकाच्या मांडणीतच दाखवून ठेवलंय.

आमच्या घरमालकीणकाकी एकदा भाडं घ्यायला आल्या आणि माझ्या हातातलं पुस्तक पाहून म्हणाल्या, 'काय गो, एवढं काय असतं त्यात?' मी त्यांना हीच गोष्ट सांगितली, जमेल तशी. मला वाटलं होतं, हसतील. त्या उंबऱ्यावरच टेकल्या. म्हणाल्या, त्यांच्या नात्यातली एक बाई लग्नानंतर जेवायचीच बंद झाली होती. घरात सगळं तिच्या सासूच्या हातात, तांदळाच्या डब्यापासून. 'आम्ही बोललो, अंगात आलंय तिच्या. बाहेरचं बघून आणलं.' पैसे मोजून उठताना त्यांनी विचारलं, 'त्या पुस्तकातली जगते का?' मी म्हटलं, शेवट तसा उघडाच ठेवलाय. काकी म्हणाल्या, 'आमची नाही जगली.'

त्यानंतर मी कधी कुणाला 'ही सगळी परदेशी फॅडं आहेत' असं म्हणू दिलं नाही.

आता रूममेटचं सांगते. तिने एका शनिवारी त्याला आधी कळवून लोकेशन बंद केलं. 'संध्याकाळी सातला फोन करते, मजेत आहे,' असा मेसेजही टाकला. आम्ही तिघी उत्सव चौकात जेवलो, भटकलो. दुपारी चारपर्यंत तिच्या फोनवर चौदा मिस्ड कॉल होते आणि मग तिच्या आईचा फोन आला, कारण त्याने तिकडे केला होता. ती रडली वगैरे नाही. तिने फक्त कॉल मोजले. 'सात वाजता करते असं सांगितलं होतं मी,' एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

लग्न मोडलेलं नाही. हॉलचं बुकिंग तिने थांबवलंय, दोघं एका कौन्सिलरकडे जातायत, आणि तो यायला तयार झाला ही जमेची बाजू. पुढे काय होईल ते त्यांचं ते ठरवतील. साळवी तसं कधी कुणाकडे गेला नव्हता, हे तिचंच वाक्य.

ज्यांच्या घरात गोष्ट चौदा मिस्ड कॉलच्या बरीच पुढे गेलीय त्यांच्यासाठी दोन ओळी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा नुसत्या मारहाणीपुरता नाही. मानसिक छळ, तोंडी अपमान, पैशांची कोंडी हे सगळं त्यात हिंसाचारच आहे, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही त्याचं संरक्षण आहे. १८१ ही महिला हेल्पलाईन आहे. मनावर ताण असेल तर १४४१६ वर 'टेली-मानस'. कादंबरी कितीही चांगली असली तरी ती फोन उचलत नाही.

बाकीच्यांनी सुरुवात 'रीटा वेलिणकर'पासून करावी. दोन रविवार पुरतात. मग 'कळ्यांचे निःश्वास', मग धीर झाला की 'द व्हेजिटेरियन'. येलिनेक सगळ्यात शेवटी. आणि मैत्रिणीला वाचायला दिलंत, तर 'कसं वाटलं?' एवढं एकदाच विचारा. लगेच दुसरा प्रश्न नको.